पुस्तकात वेगळंय

सिनेमाला जाताना कुणाला सोबत न्यावं याबद्दल आमच्या घराण्यात एकमत आहे: अण्णामामा सोडून कुणालाही. रडणारं तान्हं मूल चालेल, अंधारात मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलणारे काका चालतील, पण मामा नकोत. तान्हं मूल निदान कधीतरी झोपतं. मामा पाट्या सुरू झाल्यापासून टक्क जागे असतात आणि ‘अमुक यांच्या कादंबरीवर आधारित’ ही ओळ दिसली की खुर्चीत जरा पुढं सरकतात. घसा खाकरतात. शेजारच्याला कोपरानं हलकं ढोसतात. “आधारित,” ते म्हणतात, “बघू, आधार किती घेतलाय ते.”

आणि मग पुढचे अडीच तास ते वाक्य. “पुस्तकात वेगळंय.”

हे वाक्य मामा एकाच सुरात म्हणत नाहीत. काही गाळलेलं असलं की सुस्कारा सोडून म्हणतात, पदरचं घातलेलं असलं की मांडीवर थाप मारून. आणि एखादा प्रसंग अगदी पुस्तकातल्यासारखा निघालाच तर काहीच म्हणत नाहीत, नुसतं “हं” करतात. ते “हं” सगळ्यांत अवघड, कारण त्यात दिग्दर्शकाचा काहीतरी डाव असणार असा वास येतो. भाडेकरूनं सोडलेलं घर मालक जसा खोल्याखोल्यांतून हिंडून बघतो, खिळा कुठं ठोकला, नळ कुणी बदलला, तसे मामा सिनेमा बघतात.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं आणि गाव नाट्यपंढरी झालं. भाव्यांचं नाव इतिहासात राहिलं. पण त्या पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत बसून “रामायणात असं नाही हो” म्हणणारा जो कुणी होता, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. माझी खात्री आहे, तो मामांच्या घराण्यातलाच असणार.

मामा बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून गेली नाही. शर्टाच्या खिशात अजून पेन्सिल असते, एका बाजूनं लाल आणि एका बाजूनं निळी. कादंबरी वाचून झाली, सिनेमा बघून झाला, की रात्री जेवणानंतर ती पेन्सिल आणि ते पुस्तक घेऊन बसतात. सिनेमात आलेल्या प्रसंगापुढं समासात निळी खूण. न आलेल्यापुढं लाल गोल. शेवटच्या कोऱ्या पानावर शेरा, तारीख आणि सही. बहुतेक पुस्तकांवरचा शेरा एकच आहे: ‘ताळा जुळत नाही.’ व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर मात्र ‘ताळा जवळजवळ जुळतो’ असं लिहिलंय. कादंबरी १९५५ची आणि अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. चाळीस वर्षांनी ताळा एवढा जुळला हे मामांच्या हिशेबी फार झालं. माडगूळ आपल्याच जिल्ह्यातलं, आटपाडी तालुक्यातलं, म्हणून थोडी सूट दिली असेल का, असं मी एकदा विचारलं होतं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

“माझ्याही कपाळावर कुठंतरी लाल गोल काढून ठेवला असेल,” मामी म्हणते. “अंधारात दिसत नाही एवढंच.”

विज्ञानकथा हा मामांचा हळवा कोपरा. लहानपणी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचला आणि माणूस जो चंद्राकडं निघाला तो परत आलाच नाही. पुढं धारप झाले, नारळीकर झाले, मग विभागीय परीक्षेसाठी पुण्याला जाणं झालं की फूटपाथवरची जुनी इंग्रजी पुस्तकं. “हे पोरांचं वाचन” असं कुणी म्हटलं की मामा नारळीकरांची गोष्ट काढतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. “आद्याक्षरं उलटी करून बघ,” मामा म्हणतात आणि तुम्ही ती मनातल्या मनात उलटी करेपर्यंत तुमच्याकडं रोखून बघत राहतात. “एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावावर नाही, गोष्टीवर बक्षीस घेतलं. आणि माणूस कुठला? जन्म कोल्हापूरचा. म्हणजे आपलाच.” सांगलीकर एरवी कोल्हापूरकराला इतक्या सहज आपला म्हणत नाही.

मामांच्या संग्रहातलं सगळ्यांत देखणं पुस्तक म्हणजे फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’. १९६५ची कादंबरी. देखणं ‘होतं’ म्हणायला हवं. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या मामांच्या घरात ते खालून तिसऱ्या फळीपर्यंत चढलं. मामा-मामी आधीच साताऱ्याला मामीच्या बहिणीकडं गेले होते. निघताना मामीनं दागिने, कागदपत्रं आणि लोणच्याची बरणी घेतली. मामांनी वरच्या तीन फळ्यांवरची पुस्तकं माळ्यावर टाकली आणि ‘ड्यून’ जाड असल्यामुळं तळाच्या फळीवर आडवी ठेवलेली, ती राहून गेली. त्या पुरात सांगलीतल्या वाचनालयांचीही पुस्तकं चिखलात गेली. मामा परत आले तेव्हा आधी भिंती बघायच्या, फ्रिज बघायचा, तर हे तळाच्या फळीपाशी उकिडवे बसले.

अख्ख्या कादंबरीत पाण्याचा थेंब सोन्याच्या भावानं विकला जातो, लोक स्वतःचा घाम गाळून पितात, आणि मामांची प्रत कृष्णेच्या पुरात चार दिवस बुडालेली! मामांनी ती पंख्याखाली उभी करून वाळवली, पानापानात टाल्कम पावडर घातली, रोज सकाळी दहा-दहा पानं सोडवली. आता ती दुप्पट जाड झाली आहे आणि मिटत नाही, म्हणून पायजम्याच्या नाडीनं बांधून ठेवतात. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला गाळाची तपकिरी रेघ आहे, अगदी पट्टीनं मारल्यासारखी सरळ. मध्ये मध्ये दोन पानं चिकटलेलीच आहेत, ती सोडवायला गेलं तर अक्षरं निघून येतात. उघडली की नदीचा वास येतो. मुलानं नवी प्रत देऊ केली, तर मामा म्हणाले, “नवीत माझ्या खुणा कुठं आहेत?”

या प्रतीसह मामा २०२१च्या ऑक्टोबरात सिनेमाला गेले. महाराष्ट्रातली चित्रपटगृहं टाळेबंदीनंतर २२ तारखेला उघडली, तीही निम्म्या खुर्च्यांवर, आणि ‘ड्यून’ त्याच दिवशी आला. एक खुर्ची सोडून एक. मामांच्या दोन्ही बाजूंना सरकारी आदेशानं रिकामी जागा आणि तोंडावर मास्क. कोपर हवेतच फिरत राहिलं. त्या दिवशी त्यांच्या मागं बसलेल्या लोकांनी महामारीचा हा एक फायदा आयुष्यभर लक्षात ठेवला असेल.

दुसरा भाग १ मार्च २०२४ला आला, तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या आणि मामांनी दोन वर्षांचं मौन भरून काढलं. कादंबरीत नायकाला आलिया नावाची धाकटी बहीण आहे. एवढीशी पोर, पण खलनायक मरतो तो तिच्या हातून. सिनेमात ती आईच्या पोटातून बाहेरच येत नाही, नुसती आतून बोलते. शेवट जवळ आला, खलनायकाला नायकानंच संपवलं, आणि मामा भर अंधारात म्हणाले, “अरे, पण आलिया कुठाय?”

पुढच्या रांगेतल्या कॉलेजकुमारानं वळून, अगदी आदरानं सांगितलं, “काका, यात आलिया भट नाहीये.”

मामांनी त्याला थिएटरबाहेर गाठून नाडी सोडून संबंधित पान दाखवलं. पोरगा सज्जन, उभा राहिला बिचारा.

त्याच खेळाच्या मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत जतकडचे एक गृहस्थ भेटले, मुलाबरोबर आलेले. त्यांचं मत अगदी स्पष्ट होतं. “एवढा पाण्याचा वांधा असताना लढाया कसल्या करत्यात? आधी म्हैसाळसारखी योजना आणा की!” त्यांच्या गावात म्हैसाळचं पाणी पोचेपर्यंत टँकरमागं पळण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. मामांचे डोळे चमकले. कादंबरीतले वाळवंटी लोक हेच करत असतात. थेंब थेंब साठवून पिढ्यान्पिढ्यांनी ग्रह हिरवा करायचा बेत. “हे पुस्तकात आहे!” मामा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पॉपकॉर्नवाल्यानं डबा खाली ठेवला. मध्यंतर संपलं, आतमध्ये लढाई सुरू झाली, तरी हे दोघं बाहेरच. “मग सिनेमात का न्हाई दाखवलं?” जतकर विचारत होते, आणि मामा “तेच तर, तेच तर” करत होते. दोघांनी फोन नंबर घेतले. अजून पाऊस लांबला की जतहून फोन येतो.

पण मामांना खरा जोडीदार मिळाला तो घरातच, आणि फार उशिरा.

मामीच्या बहिणीचे यजमान आबा, म्हणजे मामांचे साडू. निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्री. गाव अपशिंगे मिलिटरी. साताऱ्याजवळच्या या गावाच्या नावालाच मिलिटरी लागलंय, कारण पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि तेव्हापासून घरटी कुणी ना कुणी फौजेत असतोच. आबा सोफ्यावरही पाठ टेकत नाहीत. उशी दिली तर बाजूला ठेवतात. साडेसातचा सिनेमा असला तर सात वाजून पंचवीस मिनिटांनी चपला ओळीत काढून जागेवर.

दोघा साडूंचं पूर्वी फारसं जमत नसे. मामांना वाटे, आबांनी आयुष्यात रोजनाम्याशिवाय काही वाचलं नाही. आबांना वाटे, मामांनी आयुष्यात वाचण्याशिवाय काही केलं नाही. सांगली १९४९ ते १९६० ‘दक्षिण सातारा’ जिल्हा होती, आणि मामांच्या जन्मदाखल्यावर तसंच लिहिलंय, हे आबा दर भेटीत एकदा काढत. “म्हंजी आमचंच तुम्ही. जरा खालचं.”

गेल्या दिवाळीत सगळे सांगलीत जमलो होतो. मामांचा नातू चिन्मय अभियांत्रिकीला आहे, त्यानं टीव्हीला लॅपटॉप जोडून ‘स्टारशिप ट्रूपर्स’ लावला. १९९७चा पॉल व्हर्हूवनचा सिनेमा, रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९च्या कादंबरीवरून. भविष्यातलं पायदळ परग्रहावरच्या अजस्र किड्यांशी लढतं, एवढीच गोष्ट. मामांनी आतून पुस्तक आणलं, लाल-निळी पेन्सिल काढली. मामीनं मिक्सर लावायचा तो आत्ताच लावून घेतला.

सुरुवातीलाच मामा तापले. “हा डिझी फ्लोरेस! पुस्तकात पुरुष आहे. पहिल्याच प्रकरणात मरतो. इथं बाई करून अर्धा सिनेमा नाचवलीय.” लाल गोल. मग नायक. “रिको फिलिपिन्सचा. पण हाइनलाइन ते सांगत नाही, पुस्तक संपत आलं की हळूच कळतं घरी टॅगलॉग बोलतात म्हणून. काय मजा आहे त्यात! इथं बघ, दाढीच्या ब्लेडच्या जाहिरातीतला पोरगा उभा केलाय.”

आबा काही बोलत नव्हते. प्रशिक्षणाचा भाग आला तसे ते ताठ होते ते आणखी ताठ झाले. एक रंगरूट विचारतो, बटण दाबून बॉम्ब टाकता येतो तर सुरी फेकायला कशाला शिकायची? त्यावर सार्जंट त्याचा हात भिंतीवर ठेवायला लावतो आणि सुरी फेकून तळहातच खिळवतो. आता बटण दाब म्हणे.

“पुस्तकात वेगळंय,” मामा म्हणाले. “तिथं तो नीट समजावून सांगतो. बळ किती वापरायचं, कशासाठी वापरायचं, दोन पानं आहेत.”

“हिथं कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसंल,” आबा म्हणाले. “रंगरूटाचा हात म्हंजी सरकारी माल.”

नेमकी तेवढ्यात मामी चकल्यांचं ताट घेऊन आली, आणि पडद्यावर त्या पलटणीतल्या मुलामुलींचा सगळ्यांचा एकत्र आंघोळीचा प्रसंग. चिन्मय रिमोट शोधायला लागला, रिमोट चकल्यांच्या ताटाखाली. मामी पडद्याकडं बघतेय, मग मामांकडं. “पुस्तकात वेगळंय!” मामा ओरडले. एवढ्या कळकळीनं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

“बेळगावला आमी पहाटं हौदावर न्हायचो,” आबा भिंतीवरच्या गणपतीकडं बघत म्हणाले. “गार पानी. असलं काय सुचायचं न्हाई.”

मग किड्यांच्या ग्रहावरचा पहिला हल्ला. हजारो सैनिक यानांतून उतरतात आणि मोकळ्या मैदानावरून बंदुका घेऊन ओरडत पुढं पळतात. आबांचा आवाज पहिल्यांदा चढला. “आरं, तोफखाना कुटंय? पुढं टेहळणी कोण गेलंय? कवर फायर न्हाई, चिलखती गाडी न्हाई, बायनेट लावल्यागत पळत्यात नुसती! आन् वरची ती जहाजं, अशी एकमेकाला चिकटून कशाला हुबी केल्यात? एक पडलं की धा पडणार.” बरोबर त्याच क्षणी एक पडलं आणि दुसऱ्यावर आदळलं. “बघा!”

मामांची पेन्सिल हवेतच थांबली होती. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “हे पुस्तकात आहे.”

“काय हाय?”

“तुम्ही म्हणताय ते. पुस्तकात ते असे उघडे पळतच नाहीत. एकेकाच्या अंगावर यंत्राचं चिलखत. त्यात रडार, रॉकेटं, उडी मारली की घरावरून पलीकडं. प्रत्येकाला ठरवून दिलेलं क्षेत्र, दोघांत मैलांचं अंतर. वरून कुपीत बसवून एकेकाला सोडतात.”

आबांनी मामांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. “मग हेनी ते का काढलं?”

“त्यानं पुस्तक वाचलंच नाही! स्वतः सांगितलंय दिग्दर्शकानं. दोन प्रकरणं वाचली आणि ठेवून दिलं. पटकथा तर आधी दुसऱ्याच नावानं लिहायला घेतली होती, कादंबरीचे हक्क मागाहून घेतले.”

“पैसं सगळं किड्यांत घातलं असत्याल,” आबा म्हणाले. “बजेटचा लोचा. फौजेत बी असंच हुतं.” आणि मग, “लिवणारा फौजी हाय का?”

“हाइनलाइन? नेव्हीत अधिकारी होता. क्षयामुळं १९३४ साली बाहेर पडला.”

“नेव्हीवाला!” आबांचा चेहरा पडला. “नेव्हीवाला पायदळावर लिवतोय. बरं, चालायचंच.”

इथं चिन्मयनं तोंड घातलं. म्हणाला, आजोबा, तुम्ही दोघंही चुकताय. हा सिनेमा चेष्टा आहे. व्हर्हूवनचं लहानपण जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये गेलं, त्याला असल्या गणवेशांची आणि घोषणांची चांगली ओळख. तो कादंबरीच उलटी करून दाखवतोय. शेवटी बघा, हुशार मित्र काळा लांब कोट घालून येतो तो कुणासारखा दिसतो. १९९७ साली पुष्कळ समीक्षकांना पण कळलं नव्हतं, त्यांनी सिनेमालाच युद्धखोर म्हणून झोडपलं. मला विचाराल तर चिन्मयचं बरोबर होतं. पण दिवाळीच्या दिवशी दोन साडूंच्या मध्ये बरोबर असून काय उपयोग?

आबा बराच वेळ गप्प होते. “चेष्टा कुनाची? जवानाची?”

“नाही आबा. वरच्यांची. हुकूम देणाऱ्यांची.”

“मग हरकत न्हाई,” आबा म्हणाले आणि चकली घेतली.

कादंबरीत आणि सिनेमात दोन्हीकडं एक नियम आहे: ज्यानं सरकारी सेवा पुरी केली, त्यालाच मतदानाचा हक्क. हे मामांनी समजावून सांगितल्यावर आबांनी क्षणभर हिशेब केला. “म्हंजी आमचं सगळं गाव लाइनीत. आन् सांगलीत?” त्यांनी मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “साडू, तुमचं नाव यादीतनं गेलं.”

“देव पावला,” मामी आतून म्हणाली. “मतं द्यायची तरी थांबतील.”

त्या रात्री जेवताना मामांनी आबांना पुस्तकातली आणखी एक गोष्ट सांगितली. सिनेमात रिकोचे आईवडील दोघंही मरतात. पुस्तकात आई जाते, पण बाप वाचतो, आणि ज्या फौजेत जाऊ नको म्हणून पोराशी भांडलेला असतो, त्याच फौजेत भरती होतो. शेवटी रिको अधिकारी आणि बाप त्याच्याच तुकडीत सार्जंट. आबांनी घास खाली ठेवला. आबांचा मुलगा साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा विद्यार्थी, १९६१ साली निघालेली देशातली ती पहिली सैनिक शाळा. तिथून एनडीए, आता मेजर. पोरगा लेफ्टनंट होऊन पहिल्यांदा घरी आला तेव्हा सुभेदार आबांनी अंगणात त्याला कडक सलाम ठोकला होता आणि आत येऊन, पायातले बूट दारात आडवेतिडवे काढल्याबद्दल कानफटात मारली होती. दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानानं सांगतात.

“बापानं सलाम केला का?” त्यांनी विचारलं.

“केला,” मामा म्हणाले.

“मग पुस्तक चांगलं हाय.”

पण पुस्तक इंग्रजी. आबांना वाचता येईना. मग ठरलं ते असं, की रोज रात्री बातम्या संपल्या की मामांनी फोनवर एकेक प्रकरण मराठीत सांगायचं. मामा गॅलरीत खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक, स्पीकर चालू. पलीकडं अपशिंग्यात आबा.

पहिले काही दिवस ओळीला ओळ चाललं. मग शाळेतल्या मास्तरांची ती प्रवचनं आली, राज्य म्हणजे काय आणि कर्तव्य म्हणजे काय. पलीकडून घोरण्याचा आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवशी मामांनी प्रवचनं गाळली. मी गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या मामीशेजारी होतो, मी स्वतः ऐकलं. तीन पानं एकदम उलटली आणि कुठं लाल गोलसुद्धा काढला नाही. मग कॅम्पातली थंडी बेळगावच्या थंडीसारखी झाली. लंगरमध्ये रविवारी मटण आलं. सार्जंट झिमचे ‘झिमसाहेब’ झाले आणि त्यांना मिशा फुटल्या. एका रात्री आबांनी विचारलं, “गड्याचं लगीन झालंय का न्हाई?” रिकोचं लग्न पुस्तकात नाही, कुठंच नाही. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ठरलंय,” ते म्हणाले.

मामीच्या हातातलं सूप थांबलं.

चिन्मयनं मध्यंतरी ते पुस्तक स्वतः वाचून काढलं आणि एका संध्याकाळी आजोबांना पकडलं. लग्न कुठलं, मटण कुठलं, मिशा कुठल्या? मामा अजिबात डगमगले नाहीत. म्हणाले, “लेखकाच्या मनात असणारच. जागेअभावी राहिलं असेल.” जन्मभर दिग्दर्शकांना जे माफ केलं नाही ते स्वतःला त्यांनी इतक्या झटपट माफ केलं की चिन्मयला पुढचा प्रश्नच सुचेना.

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं. पण आबा ऐकलेलं रोज सकाळी पारावर सांगतात. तिथं सगळे माजी फौजी, कुणी मराठा, कुणी तोफखाना, कुणी सिग्नल. तिथं या कथेला आणखी काय काय फुटलं असेल देव जाणे. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा किड्यांचं ठाणं घेताना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ झालेलं होतं आणि त्याला कुणाचाही आक्षेप नव्हता. एकानं विचारलं, “लिवलंय कुनी हे?” आबांनी छाती पुढं काढून सांगितलं, “सांगलीचे आमचे साडू.”

मी हे मामांना येऊन सांगितलं. आता हे चिडणार, हाइनलाइनचं नाव, १९५९ साल, पुढच्या वर्षीचा ह्यूगो पुरस्कार, सगळं बाहेर काढणार, या तयारीनं मी बसलो. मामा गालातल्या गालात हसले. “जाऊ दे,” म्हणाले, “आता कुठं त्यांना खुलासा करत बसायचा.”

परवा रात्री फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. पारावरची मंडळी अडून बसली होती. ठरलंय ठरलंय म्हणताय, पण लगीन कवा? आन् पोरगी कुटली? मामांनी “उद्या सांगतो” म्हणून फोन ठेवला, पुस्तक मिटलं, भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ काढून मांडीवर घेतलं आणि निळ्या पेन्सिलीनं मुहूर्त शोधायला लागले.

“मिरजेची घ्यावी म्हणतो,” ते मामीला म्हणाले. “जंक्शन आहे. पोराला रजेवर यायला-जायला बरं पडेल.”